शनिवारची हिरवी खूण

शनिवार, १ मार्च

पाय दुखताहेत. हे एकदाच लिहून टाकते, म्हणजे दर शनिवारी लिहायला नको.

लंडनमध्ये ईलिंगच्या शनिवार बाजारात तर्री पोह्यांचा स्टॉल लावायला लागल्यापासून माझा शुक्रवार चणे भिजवण्यात आणि रविवार कंबर शेकण्यात जातो. पेरोलची, म्हणजे लोकांच्या पगाराचे हिशोब करायची नोकरी गेली तेव्हा प्रणय म्हणाला होता, "थोडे दिवस आराम कर." आराम कसा करतात ते त्यालाच विचारायला हवं. मी मेडनहेडहून पातेली गाडीत घालून निघते तेव्हा नवरोबा कूस बदलतात.

उल्का सोबत आहे म्हणून निभतंय. ती पुण्याची, स्टॉलमध्ये अर्धी भागीदार आणि बोलण्यात पाऊण. टेबलाच्या समोर ती उभी राहते. तिथे रांग लागते आणि तिथे इथलाच रिवाज: आधी पैसे, मग प्लेट. डाव्या अंगाला दोन क्रेट पालथे घातलेत, ती माझी बाजू. नेहमीची आपली मंडळी तिथे उभ्यानं खातात, गप्पा मारतात आणि खाऊन झालं की पैसे देतात. उल्काला हे अजिबात पटत नाही. पण माझ्या आईची नागपुरात खानावळ होती, तिथे माणूस ताटावर असताना पैशाचं नाव काढलं तर आई झारा उगारायची. आता ह्या वयात मला दुसरं वळण लागणार नाही.

प्रणयनं दोन्ही बाजूंना क्यूआरच्या पाट्या करून दिल्यात. इथले लोक कार्ड टेकवतात, पण आपल्या लोकांना भाजीवाल्यापासून सलूनवाल्यापर्यंत क्यूआरची सवय. पाटी दिसली की त्यांना घरी आल्यासारखं वाटतं. लगेच फोन काढतात.

हरिदासकाका आजही आले. हीथ्रोवर विमानांत सामान चढवून रिटायर झालेत, हॅनवेलला एकटे राहतात. मूळचे नागपूरच्या इंदोऱ्याचे. पहिल्याच दिवशी आमचं 'जय भीम' झालं आणि तेव्हापासून मी त्यांची 'पोरी' झाले. द्रौपदीकाकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटी शेवटी त्यांना काहीच आठवत नसे, काकांचं नावसुद्धा. मुलगा अनिश लेस्टरला आहे, तो म्हणतो इकडे राहायला या. काका म्हणतात, "डोकं शाबूत आहे तोवर मी माझ्याच घरी राहतो. माझी एक चूक दिसली ना, की तो पेट्या घेऊन दारात उभा राहील."

काकांचं पैसे देणं हा एक सोहळा असतो. चष्मा बदलतात, फोन दोन्ही हातांनी धरतात, पाटीवर नेम धरतात. हिरवी खूण आली की फोन माझ्या नाकासमोर. "बघ, आली ना?" मी "आली, आली" म्हणते आणि पुढची प्लेट भरते. कुणाच्या फोनमध्ये डोकावणं मला बरं वाटत नाही. आज म्हटलं, "काका, दर वेळी दाखवता कशाला? माझा विश्वास नाही का तुमच्यावर?" तर म्हणाले, "तसं नाही गं. तू बघितलं की मला बरं वाटते."

म्हाताऱ्या माणसांना कशात बरं वाटेल सांगता येत नाही.

शनिवार, ८ मार्च

वारा, वारा आणि वारा. छत दोनदा उडायला निघालं. कागदी प्लेट्स स्टेशनपर्यंत गेल्या असतील. माझ्या बाजूची पाटी उडून पलीकडच्या ब्रेडवाल्याच्या पायाशी पडली. माझ्या एका हातात झारा, दुसऱ्या हातात छताचा खांब.

एक पिवळं जाकीट घातलेला माणूस आला, बाजाराचाच असणार. त्यानं पाटी उचलली, खिशातून फडकं काढून पुसली, वळून उभा राहून नीट दाबूनबिबून दिली आणि पुन्हा जागेवर ठेवून खालून चिमटाही लावला. "ऑल सॉर्टेड, लव्ह," म्हणाला. मी प्लेट भरून पुढे केली तर हात हलवून नको म्हणाला आणि गेलाही. आपल्या दारात कुणी मदत केली आणि तोंडात काही न घालता गेला, ह्याची दिवसभर रुखरुख लागली.

उल्काला म्हटलं, बघ, इथेही माणुसकी आहे. ती म्हणाली, "असेल, पण तू आधी गॅस बारीक कर, पोहे लागतायत खाली."

काका त्या वाऱ्यातही आले. चष्मा, फोन, नेम, खूण, सगळं झालं.

मंगळवार, ११ मार्च

काही विशेष नाही. नोकरीच्या दोन अर्जांना नकार. प्रणय म्हणतो, स्टॉल करून तुझी चिडचिड वाढलीय. मी म्हटलं, चिडचिड माझी जुनीच आहे, तुला आता वेळ मिळाला ऐकायला.

रविवार, १६ मार्च

आज उल्का घरी आली होती. दोघी हिशोबाला बसलो आणि तोंड कडू झालं. समोरच्या बाजूचे पैसे चोख. माझ्या बाजूचं पातेलं रिकामं, आणि बँकेत त्या मानानं काहीच नाही. दोनचार जणांनी रोख दिलं होतं तेवढंच.

"नोटिफिकेशन येत होते का तुला?" उल्कानं विचारलं. मी म्हटलं, फोन ॲप्रनच्या खिशात, हाताला तेल, बाजारात रेंजची बोंब. कोण बघतंय? तिनं तीच बेरीज पुन्हा करायला घेतली. ती गप्प बसली की मला जास्त राग येतो.

मला वाटतं बँकेचंच काहीतरी अडलंय. येतील उद्या-परवा.

शनिवार, २२ मार्च

नाही आले.

सकाळीच बाजारवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: सावध राहा, काही गिऱ्हाइकं पैसे पाठवल्याची खोटी स्क्रीन दाखवतात, गर्दीत आपण नीट बघत नाही आणि माणूस खाऊन निघून जातो. उल्कानं मेसेज मला मोठ्यानं वाचून दाखवला, मला वाचता येत नसल्यासारखा.

"तुझ्या बाजूला हेच चाललंय, रूपाली. समोर परके लोक आहेत, ते पैसे देतात. तुझ्याकडे सगळे आपले, म्हणून कुणी देत नाही. लोकांना कळतं, ही बाई बघत नाही."

मी म्हटलं, तू पुण्याची आहेस म्हणून असा विचार करतेस. ती हसली नाही. मग दिवसभर मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिले. वरद, तो स्टुडंट, नेहमी दोन प्लेट खातो. आश्लेषा, जिच्या बाळाला मी बिनातिखट पोहे वेगळे काढते. हिरवी खूण सगळ्यांच्या फोनवर होती. मी खुणेकडे बघितलं आणि मग माणसाकडे. हा पोरगा मला फसवेल? ही? असा विचार करत पोहे वाढायचे म्हणजे हाताला चव राहत नाही. काका म्हणालेही, "आज मीठ विसरली का?"

रविवार, २३ मार्च

आज बँकेची यादी उघडून नावं शोधली. जिवावर आलं होतं, तरी केलं. फेब्रुवारीत दर शनिवारी हरिदासकाकांचं नाव आहे, १ मार्चलाही आहे. त्यानंतर नाही. ८ ला नाही, १५ ला नाही, काल नाही.

फोन तर मला दर वेळी दाखवलाय त्यांनी. खूण मी स्वतः बघितलीय.

उल्काला फोन केला. वाटलं होतं ती म्हणेल, म्हातारा माणूस आहे, बटण चुकत असेल. ती म्हणाली, "जुनी स्क्रीन दाखवत असतील. एकटे असतात, पेन्शनवर भागत नसेल. वाईट वाटून घेऊ नकोस, पण बोल त्यांच्याशी."

भागत नसेल तर सांगायचं ना. मी काय पैसे घेतले असते? मला पैशाचं इतकं वाईट वाटत नाहीये. 'पोरी' म्हणून समोर उभं राहायचं आणि खोटी स्क्रीन नाकासमोर धरायची, ह्याचं वाटतंय. आता कळलं दर वेळी इतक्या अगत्यानं का दाखवतात ते.

शनिवार, २९ मार्च

लिहायचं नव्हतं, पण झोपून बघितलं, जमलं नाही. प्रणय टीव्ही बघतोय.

आज गर्दी फार होती. एक बर्नर बंद पडला. एका बाईनं शेंगदाण्यांवरून हुज्जत घातली. माझ्या बाजूची पाटी कोपऱ्यात फुगलीय, वाफेनं असेल, तिच्यावर फोनचा नेम बसत नाही म्हणून एकजण कुरकुरला. नाकी नऊ आले होते आणि तेवढ्यात काका. त्यांनी खाल्लं, चष्मा बदलला, नेम धरला. खूण आली. फोन माझ्यासमोर आला. "बघ, आली ना?"

मी म्हटलं, "काका, तुमचे पैसे येत नाहीत. तीन आठवडे झाले."

ते म्हणाले, "काय बोलून राहिली तू? हे बघ ना. हे बघ."

"स्क्रीन काय, कुणालाही दाखवता येते."

मी मोठ्यानं बोलले नाही. पण वरद खाता खाता थांबला आणि रांगेतल्या दोघांनी मान वळवली. काका फोनकडे बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. ते इतकंच म्हणाले, "तीन आठवडे?" मी म्हटलं, हो. मग कोटाच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, मोजल्या नाहीत, टेबलावर ठेवल्या, त्यावर मिठाची डबी ठेवली वाऱ्यानं उडू नयेत म्हणून, आणि गेले. स्टेशनच्या दिशेला गेले, त्यांची बस दुसरीकडून असते.

उल्का म्हणाली, "बोललीस ते बरं केलंस."

मला बरं वाटत नाहीये. पण खोटं तर मी बोलले नाही.

शनिवार, ५ एप्रिल

काका आले नाहीत. वरदही नाही. आजपासून माझ्या बाजूलाही आधी पैसे, मग प्लेट, आणि माझा फोन वाजेपर्यंत माणसानं थांबायचं. माणसं थांबतात आणि माझ्या फोनकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघते. फोन वाजत नाही. दोघांनी वैतागून रोख दिलं, एकजण प्लेट न घेताच निघून गेला. उल्का म्हणाली, बघ, चोर कसे पळतात.

स्टॉल बंद करावा असं वाटायला लागलंय. आईला फोनवर सांगितलं नाही.

बुधवार, ९ एप्रिल

अक्षर येईल तसं येऊ दे.

दुपारी पाट्या धुवायला घेतल्या. हळदीचे डाग जाता जात नव्हते. माझ्या बाजूची पाटी साबणाच्या पाण्यात ठेवली तर तिचा फुगलेला कोपरा सुटा झाला. मी ओढला. अख्खा क्यूआर निघून हातात आला. त्याच्या खाली दुसरा क्यूआर होता. माझा.

आधी मला वाटलं, प्रणयनं नवा चिकटवला असेल. ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, मी कशाला चिकटवू? मग म्हणाला, स्कॅन करून बघ, पैसे पाठवू नकोस, फक्त नाव बघ. बघितलं. माझ्या पाटीच्याच निळ्या रंगात पान उघडलं, आणि वर 'मार्केट स्टॉल पेमेंट्स' का असंच काहीतरी. माझं नाव कुठेच नाही.

पिवळं जाकीट. फडकं. नीट दाबूनबिबून. आणि मी त्याला पोहे देत होते.

सगळ्यांनी पैसे दिले होते. वरदनं दिले होते, आश्लेषानं दिले होते, शनिवारी प्लेट न घेता गेलेल्यानंही दिले असतील. समोरच्या पाटीला त्यानं हात लावला नाही कारण तिथे उल्का होती, डोळ्यांत तेल घालून. माझ्या बाजूला कुणी बघत नव्हतं. मी गिऱ्हाइकांना चोर समजत होते आणि चोर माझ्याच पाटीवर चिकटून होता.

काकांनी दर शनिवारी पैसे दिले होते. त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला होता. त्या खुणेच्या वर नाव लिहिलेलं असणार. मी एकदाही वाचलं नाही.

बँकेला कळवलं, बाजाराच्या ऑफिसला कळवलं. बँकेतली मुलगी म्हणाली, ज्यांचे पैसे गेले त्यांनी आपापल्या बँकेकडे तक्रार करायची. उल्काला सांगितलं तर ती फोनवर म्हणाली, "मीच तुला भरीला घातलं." मी म्हटलं, तोंड माझं होतं.

रविवार, १३ एप्रिल

कालच्या शनिवारी नवी पाटी घेऊन गेले. वर ठळक लिहिलंय: पैसे पाठवण्याआधी नाव वाचा, रूपाली नसेल तर थांबा. वरद आला, त्याला हात जोडले. तो म्हणाला, "अहो ताई, इट्स ओके, मी क्लेम टाकतो बँकेत." आश्लेषाला मेसेज केला. काका आले नाहीत.

आज जयंतीचा कार्यक्रम होता. काका दर वर्षी खुर्च्या मांडायला सगळ्यांच्या आधी येतात म्हणे. हॉलभर शोधलं. नव्हते. कार्यक्रम करणारे एक गृहस्थ म्हणाले, "हरिदासजी यंदा येणार नाही म्हणाले. बरं नाही म्हणाले." त्यांच्याकडून पत्ता घेतला. भाषणं चालली होती, माझं लक्ष नव्हतं.

मंगळवार, १५ एप्रिल

काल पोहे केले, डबा भरला आणि नेला नाही. आज पुन्हा केले.

हॅनवेलला कालव्याजवळ दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. दार त्यांनीच उघडलं. आत खोकी होती. भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर काढून पलंगावर चादरीत गुंडाळून ठेवलेली.

"ये," म्हणाले. पोरी म्हणाले नाहीत.

मी बसलेच नाही. पाटी पिशवीतून काढली, तो सोललेला कागद काढला, आणि कुठे माझी पाटी पडली, कोण आला, काय चिकटवलं, सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा केला, त्याच्या गोंदावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे मी पैसे दिले होते?"

"हो काका."

"प्रत्येक शनिवारी?"

"प्रत्येक शनिवारी. एकदाही विसरला नाहीत तुम्ही."

ते खोक्यावरच बसले. मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बँकेचा कागद काढून बघितला. पैसे गेलेले होते, पण कुठल्यातरी भलत्याच नावावर. "ते नाव मला आठवेच ना. मी म्हटलं, मी कोणाला पैसे देऊन राहिलो? दर शनिवारी देऊन राहिलो आणि मलाच माहीत नाही. द्रौपदीचं असंच सुरू झालं होतं. ती दूधवाल्याला दोनदा पैसे द्यायची आणि मग एकदाही दिले नाही म्हणून रडायची." रात्री त्यांनी स्वतःच अनिशला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला. घर कौन्सिलचं, म्हणजे इथल्या पालिकेचं भाड्याचं; ते सोडत असल्याचं पत्र गेलं. "सही मीच केली. त्यानं जबरदस्ती नाही केली. मीच म्हटलं, आण इकडे."

दर शनिवारी ते फोन माझ्यासमोर का धरत होते, ते तिथे त्या खोक्यांमध्ये उभं राहून मला कळलं. त्यांना पैसे दिल्याचं मला दाखवायचं नव्हतं. कुणीतरी बघून 'हो, बरोबर' म्हणायला हवं होतं, आणि घरात तसं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

"अनिशला सांग," ते म्हणाले. "आत्ता सांग. मी सांगितलं तर त्याला खरं नाही वाटणार."

त्यांनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. मी पुन्हा सगळं सांगितलं. अनिश बोलायला चांगला आहे, दमलेला वाटला. म्हणाला, "थँक यू ताई. बट टू बी ऑनेस्ट, बाबांना तीन वीक्स नाव वेगळं आहे ते दिसलंच नाही ना?"

"मलाही नाही दिसलं," मी म्हटलं. "पाटी माझी होती. दिवसभर माझ्यासमोर असायची. मी एक्केचाळीस वर्षांची आहे आणि मला चष्माही नाही. वरद कॉम्प्युटरचं शिकतो, त्यालाही नाही दिसलं. तुमच्या बाबांचं डोकं माझ्यापेक्षा ठीक आहे."

तो म्हणाला, "आता पत्र गेलंय, ताई. ते घर दुसऱ्या कुणालातरी देऊनही झालंय. इकडे त्यांची खोली रेडी आहे. मुलं वाट बघतायत." वाईट नव्हतं त्याच्या बोलण्यात काही. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

फोन ठेवल्यावर काका हसायला लागले. आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत. मला भीतीच वाटली. "डोकं ठीक आहे म्हणे माझं," ते म्हणाले, आणि डोळे पुसून पुन्हा हसले. मी त्यांच्या नोटा परत दिल्या. वाटलं होतं नको म्हणतील. त्यांनी घेतल्या, मोजल्या, आणि आतल्या खिशात ठेवल्या.

मग डबा उघडला आणि खोक्यावर बसून पोहे खाल्ले. सगळे खाल्ले. "जायचं तर कधीतरी होतंच," म्हणाले. "पण भिऊन जाऊन राहिलो होतो, पोरी. आता नुसता जातो."

मी रडले. रिकामा डबा धुवायला म्हणून आत गेले, नळ सोडून आणखी थोडं रडले. शनिवारी व्हॅन येणार आहे, त्या वेळी मी ईलिंगला असेन.

निघताना दारात म्हटलं, "काका, चूक माझी होती."

मला वाटलं, ते म्हणतील, असू दे.

"हो," ते म्हणाले, "तुझीच होती." आणि चपला घालून मला खालच्या दारापर्यंत सोडायला आले.